एक दिवस टिकले म्हणजे दुरुस्त झाले काय?

रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा, एकाच सर्किट बोर्डावरचा संगणक मुलांनी हाताळून शिकावा म्हणून २०१२ साली ब्रिटनमध्ये निघाला. २०१६ च्या 'पाय ३'पासून त्यात वाय-फाय अंगभूत आले. शाळेच्या प्रयोगात तो तापमानाच्या नोंदी पाठवीत असतो आणि मध्येच संपर्क तुटतो. यावर जे उपाय सर्रास सांगितले जातात, त्यांच्या पद्धतीविषयी आमची तक्रार आहे.

वीजबचतीची सोय बंद करा, राउटरचे चॅनेल बदला, अडॅप्टर बदला, सगळी प्रणाली पुन्हा भरा. यांतला एकही उपाय निराधार नाही. वीजबचतीत रेडिओ अधूनमधून झोपतो. बारीक वायरीच्या मोबाइल चार्जरवर विद्युतदाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला, की पाय स्वतःच पडद्यावर विजेचे चिन्ह दाखवतो. पण चारही गोष्टी एकदम केल्यावर गुण कशाने आला, हे कोण सांगणार?

त्याहून मोठा दोष घाईचा आहे. समजा, संपर्क सरासरीने दिवसातून एकदा, कोणत्याही वेळी तुटतो. आपण काहीच केले नाही, तरी एखादा दिवस निर्विघ्न जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते! म्हणजे निरुपयोगी उपाय करणाऱ्या १०० जणांपैकी ३७ जण दुसऱ्या दिवशी 'जमले' म्हणणार आणि तोच उपाय इतरांना सांगणार. सलग तीन दिवस पाहिले, तर ही शक्यता ५ टक्क्यांवर येते. किती वेळ पाहावे, हे उपाय सांगणारे सांगतच नाहीत.

याउलट २०१९ च्या 'पाय ४'चे उदाहरण घ्या. पडदा २५६० × १४४० बिंदूंवर ठेवला की वाय-फाय जाते, बिंदू कमी केले की परत येते, असे अनेकांना आढळले. त्या चित्रसंकेताचे घड्याळ २४१.५ मेगाहर्ट्‌झचे. त्याची दसपट २४१५, आणि वाय-फायच्या पहिल्या चॅनेलचा मध्य २४१२! दोष हवा तेव्हा आणता आणि घालवता आला, म्हणून कारणाचा माग लागला. प्रणाली पुन्हा पुन्हा भरत बसणाऱ्याला तो लागला नसता.

राउटरला दर मिनिटाला साद घालून संपर्क तुटल्याची वेळ नोंदवणारा छोटा प्रोग्राम शिक्षकांनी मुलांकडून लिहून घ्यावा, आणि एका वेळी एकच बदल करावा. '५ गिगाहर्ट्‌झवर जा' हा सल्ला मात्र 'पाय ३ बी'ला लागू नाही. त्याला फक्त २.४ कळते. ५ ची सोय २०१८ च्या '३ बी प्लस'पासूनची.