'अक्षावर' आणि 'अक्षाच्या वर' : निर्देशक भूमितीच्या मराठीतील एक अडचण

प्रतलात बिंदू मांडावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्याची चूक झाली, की तिचे खापर बहुधा दोहोंपैकी एकावर फोडले जाते : त्याच्या गणितातील कच्चेपणावर, किंवा परिभाषेच्या संस्कृतप्रचुरतेवर. पहिल्या आरोपाचा विचार गणिताध्यापकांनी करावा. दुसरा भाषेच्या अभ्यासकाने तपासण्याजोगा आहे; आणि तपासला असता तो फारसा टिकत नाही.

'भुज' आणि 'कोटी' हे शब्द घ्यावेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) ते काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंचे वाचक आहेत. बाजूची लांबी ऋण असू शकत नाही. (−३, २) या बिंदूचा भुज मात्र −३. व्युत्पत्तीला चिकटून राहणाऱ्यास हे खटकेल. परंतु युरोपीय भाषांत भुजासाठी रूढ झालेल्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थही 'छेदून वेगळा केलेला' एवढाच आहे, आणि त्यावाचून तेथे कोणाचे अडलेले नाही. पारिभाषिक शब्द व्याख्येने बांधलेला असतो. तो नवा आहे हे ओळखूनच विद्यार्थी त्याला सावधपणे सामोरा जातो. ('कोटी'वर वर्गात होणारी कोटी सोडून द्यावी.)

सावधपणा सुटतो तो ओळखीच्या शब्दापाशी. 'क्ष-अक्षावरील प्रत्येक बिंदूचा य-निर्देशक शून्य असतो' हे विधान या प्रकरणात अटळ आहे. यातील 'वर' या शब्दयोगी अव्ययाची व्याख्या कोणी देत नाही, कारण ते सर्वांस येते असे गृहीत असते. 'पाण्यावर पान तरंगत होते' आणि 'पाण्यावर पक्षी घिरट्या घालीत होते' या दोन वाक्यांत रूप एकच, पण पहिल्यात स्पर्श आहे, दुसऱ्यात नाही. 'च्या वर' हे रूप तरी निर्णायक आहे काय? 'कपाटाच्या वर पेटी ठेवली' यात स्पर्श आहेच. म्हणजे दोन्ही रूपे परस्परांच्या प्रदेशात शिरतात. हिंदीत 'पर' आणि 'के ऊपर' यांची वाटणी बव्हंशी पाळली जाते. इंग्रजीत तर दोन निराळे शब्द आहेत. या भाषांतून विधान मराठीत आणताना तो भेद नकळत गळतो.

व्यवहारात ही संदिग्धता बाधत नाही, कारण निवाडा वस्तूच करते : पान तरंगते, पक्षी उडतो. बिंदू यांतले काहीच करीत नाही. त्याला वजन नाही, अक्षाला पृष्ठभाग नाही. आणि कागदाची 'वरची' बाजू मात्र डोळ्यांसमोर आहे. अशा वेळी 'क्ष-अक्षावर' म्हणजे क्ष-अक्षाच्या वरच्या अंगास असा अर्थ एखाद्याने घेतला, तर त्याने मराठीशी प्रतारणा केली असे म्हणता येत नाही. त्या अर्थाने मात्र विधान असत्य ठरते, कारण तेथील सर्व बिंदूंचा य-निर्देशक धन असतो. मग विद्यार्थी अर्थाचा नाद सोडून वाक्य पाठ करतो. त्यात भर म्हणजे 'वरील बिंदू स्थापन करा' या सूचनेत 'वरील' याचा अर्थ तिसराच, 'आधी सांगितलेले' असा.

दोषाचे मूळ ओळखण्याची सोय या विषयातच आहे. य-अक्ष उभा असल्याने त्याच्या 'वर' अशी जागा त्याच्या टोकापलीकडेच संभवते; तेथे हा गोंधळ होऊ नये. ज्याचा (४, ०) चुकतो पण (०, ४) बरोबर येतो, त्याच्या बाबतीत प्रथम भाषेचा संशय घ्यावा. ज्याचे दोन्ही चुकतात, त्याला निर्देशकातील शून्याचा अर्थ किंवा जोडीतील क्रमच उमगलेला नसण्याचा संभव अधिक. दोघांस एकच शेरा देणे अन्यायाचे आहे.

उपाय भूमितीच्या मराठीतच उपलब्ध आहे. 'रेषा बिंदूतून जाते' हा प्रयोग जुना आणि निःसंदिग्ध आहे. त्या धर्तीवर 'क्ष-अक्ष ज्या ज्या बिंदूतून जातो, त्या प्रत्येकाचा य-निर्देशक शून्य' असे म्हणता येते. वाक्य थोडे लांबते, हे कबूल. 'अक्षावर स्थित' या पुस्तकी सुधारणेने काहीच साधत नाही, कारण 'वर' तिथल्या तिथेच राहतो. तिरप्या रेषांपाशी प्रश्न पुन्हा उभा राहतो : असमानतेचा आलेख काढताना 'रेषेवरील भाग' म्हटले, तर रेषा उत्तरात धरावी की वगळावी, हे त्या शब्दावरून कळत नाही, ते निराळ्या वाक्याने सांगावे लागते.