मायरबाईंचीं न दाखविलेलीं चित्रें

एखाद्या कलावंताची कहाणी त्याच्या कृतीच्या आधीं येऊन पोहोंचावी आणि आपण कृतीकडे पाहूं लागलों कीं तिनेंच वाट अडवून उभें राहावें, हा अनुभव रसिकांस नवा नाहीं. व्हिव्हियन मायर या अमेरिकन छायाचित्रकर्तीच्या बाबतींत मात्र तो पदोपदीं येतो. त्यांचीं चित्रें लक्षपूर्वक पाहिलेल्यांपेक्षां त्यांची गोष्ट ऐकलेलेच लोक अधिक. आणि गोष्ट आहेही तशीच! परक्यांचीं मुलें सांभाळून पोट भरणारी एक अविवाहित बाई जवळजवळ चाळीस वर्षें गळ्यांत कॅमेरा अडकवून रस्तोरस्तीं हिंडते, लाखाच्या घरांत चित्रें घेते, तीं जगापुढें मांडीत नाहीं, आणि शेवटीं तिच्या हयातींतच तिचें सारें संचित भाडें थकल्यामुळें लिलावांत जातें. एखाद्या कादंबरीकारानें हें कथानक रचलें असतें, तर अतिरंजित म्हणून आम्हीच त्यास दोष दिला असता.

कहाणीचा उरलेला भाग थोडक्यांत सांगून टाकूं, म्हणजे चित्रांकडे वळतां येईल. मायरबाईंचा जन्म १९२६ सालीं न्यूयॉर्क येथें झाला. आई फ्रेंच, त्यामुळें बालपणाचा कांहीं काळ आल्प्स पर्वतांतील आजोळीं गेला. १९५१ मध्यें त्या न्यूयॉर्कला परतल्या आणि १९५६ मध्यें शिकागोकडे जाऊन तेथील संपन्न घरांत मुलें सांभाळण्याची नोकरी करूं लागल्या. २००७ मध्यें त्यांच्या कोठारांतील पेट्यांचा लिलाव झाला, तेव्हां शिकागोच्या पोर्टेज पार्क भागावरील पुस्तकासाठीं जुनीं चित्रें शोधणाऱ्या जॉन मालूफ या तरुणानें निगेटिव्हांची एक मोठी पेटी सुमारें चारशें डॉलरांस घेतली. पुस्तकास तिचा उपयोग झाला नाहीं. बाई २१ एप्रिल २००९ रोजीं वारल्या. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मालूफ यांनीं कांहीं चित्रें आंतरजालावर, ‘फ्लिकर’ नांवाच्या सार्वजनिक चित्रसंग्रहांत ठेविलीं आणि यांचें काय करावें, असें लोकांस विचारलें. लोकांनीं जें उत्तर दिलें तें सर्वश्रुत आहे. २०११ मध्यें शिकागो येथें प्रदर्शन भरलें, ग्रंथ निघाला. २०१३ मध्यें चित्रपट झाला.

आतां चित्रें. तीं समजून घ्यावयाचीं तर त्यांचें हत्यार आधीं समजून घेतलें पाहिजे. १९५२ पासून बाई ‘रोलायफ्लेक्स’ हा दुभिंगी कॅमेरा वापरीत. आमच्या घरीं वडिलांच्या वेळचा असाच एक कॅमेरा आहे, आणि त्याचा हट्टी स्वभाव आम्हांस चांगला ठाऊक आहे. तो डोळ्यास लावीत नाहींत. पोटापाशीं धरून, मान खालीं घालून त्याच्या घांसलेल्या कांचेंत पाहावें लागतें. त्या कांचेंत डावें उजवीकडे आणि उजवें डावीकडे दिसतें. चालत्या माणसाचा पाठलाग करूं जावें, तों कॅमेरा भलतीकडेच वळतो! एका रिळांत चित्रें अवघीं बारा. असें यंत्र घेऊन गर्दीच्या रस्त्यावर क्षणार्धांत नेमकें चित्र टिपणें ही हाताची सामान्य तयारी नव्हे. त्यांतही, एका प्रसंगावर बाई बहुधा एकच चित्र खर्च करीत.

या यंत्राचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो आमच्या मतें केवळ तांत्रिक नाहीं. भिंग कमरेच्या उंचीवर असल्यामुळें समोरचा माणूस किंचित् खालून पाहिला जातो. म्हणून तो उंच, भारदस्त दिसतो. मायरबाईंच्या चित्रांतील म्हाताऱ्या, हमाल आणि फाटक्या कोटांतील माणसें आपल्यापुढें अशींच ताठ उभीं राहतात. मूल असेल तर भिंग नेमकें त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतें. हात बांधून उभी असलेली, मळक्या गालांची, मनगटावर घड्याळ घातलेली त्यांची एक लहान मुलगी प्रसिद्ध आहे. ती नुकतीच रडून थांबली आहे, आणि रडतांना आपणांस कोणी पाहिलें, याचा राग तिच्या चेहऱ्यावर आहे. मुलांच्या चित्रांत गोडवा ओतण्याचा मोह भल्याभल्यांस आवरत नाहीं. दिवसभर मुलांतच वावरणाऱ्या या बाईंस तो कधीं झालाच नसावा.

त्यांचीं आत्मचित्रें मात्र सर्वांत विलक्षण. दुकानांच्या कांचांत, आरशांत, हिरवळीवर पडलेल्या सावलींत त्या स्वतःस पुनःपुनः टिपतात. एके ठिकाणीं एक मजूर मोठा आरसा उचलून नेत आहे. त्या आरशांत, भर रस्त्यांत, क्षणभर बाई उमटल्या आहेत आणि तेवढ्यांत त्यांनीं कळ दाबली आहे. आज ज्यास ‘सेल्फी’ म्हणतात त्या प्रकाराचें मूळ कित्येक जण या चित्रांत शोधतात. आम्हांस तें पटत नाहीं. सेल्फी काढणाऱ्याच्या चेहऱ्यावर पाहणाऱ्याची चाहूल आधींच लागलेली असते. तें चित्र निघण्यापूर्वींच कोणास तरी पाठविलेलें असतें. मायरबाईंच्या चेहऱ्यावर हंसूं क्वचितच, आर्जव तर नाहींच. ज्या घरांत आपण राहतों तें आपलें नव्हे, ज्या मुलांस वाढवितों तीं आपलीं नव्हेत, अशा स्थितींत ‘येथें मी होतें’ एवढीच नोंद त्या करीत असाव्या, असें हीं चित्रें पाहतांना वाटतें.

दोषांकडे डोळेझांक करणें मात्र टीकाकारास शोभणार नाहीं. फुटपाथवर झोपलेल्या, झिंगलेल्या माणसांचीं जीं चित्रें आहेत, त्यांतील कांहीं त्या माणसांपासून सरळ हिसकावून घेतलेलीं वाटतात; स्वतःच्या एकांतास एवढें जपणाऱ्या बाईंनीं दुसऱ्याच्या एकांताची फारशी पर्वा केली नाहीं. १९७० नंतर त्या लहान कॅमेऱ्यानें रंगीत चित्रें घेऊं लागल्या. वर्तमानपत्रांचे ढीग, केराचे डबे, रस्त्यांत पडलेल्या वस्तु यांचीं तीं चित्रें संख्येनें पुष्कळ आहेत. पण पूर्वींचा ताण त्यांत क्वचितच सांपडतो.

पण हें लिहितांनाच लेखणी अडखळते. ज्यास आम्ही बाईंचा दोष म्हणतों, तो बाईंचा कीं निवडणाऱ्याचा? छायाचित्रकलेंत कळ दाबणें हें अर्धेंच काम. शंभरांतून कोणतें एक ठेवावयाचें, त्याच्या कडा कोठें कातरावयाच्या, आकाश किती काळें ठेवावयाचें, हें उरलेलें अर्धें. बाईंच्या बाबतींत हें दुसरें अर्धें काम बहुतांशीं परक्या हातांनीं झालें आहे. शेंकडों रिळें तर त्यांनीं धुतलींसुद्धां नव्हतीं. म्हणजे तीं चित्रें खुद्द त्यांनीं कधीं पाहिलींच नाहींत. आज आपण पाहतों तो त्या प्रचंड राशीचा एक लहानसा अंश, आणि तोही आजच्या रुचीनें वेंचलेला. १९५०–६० च्या सुमाराच्या इतर अमेरिकन छायाचित्रकारांशीं त्यांचें जें साम्य दाखविण्यांत येतें, तें वेंचणाऱ्याच्या नजरेंतून तर आलें नसेल?

अमेरिकेंतच याचें एक जुनें उदाहरण आहे. एमिली डिकिन्सन ही कवयित्री १८८६ मध्यें वारली, तेव्हां सुमारें अठराशें कविता मागें राहिल्या. १८९० मध्यें संपादकांनीं त्यांतील निवडक छापल्या, पण कित्येक ओळींचीं विरामचिन्हें आणि शब्द ‘सुधारून’. मूळ रूप सर्वांसमोर यावयास १९५५ उजाडावें लागलें. तरी त्या कवयित्रीनें पुष्कळशा कविता स्वतः स्वच्छ लिहून, दोऱ्यानें शिवून वह्या केल्या होत्या. परत जावयास मूळ होतें. मायरबाईंनीं अशी वही शिवलेली नाहीं.

तेव्हां त्यांस आपलीं चित्रें कोणास दाखवावयाचींच नव्हतीं, असें म्हणावें काय? प्रचलित कहाणीचा सारा रस याच समजुतींत आहे, आणि म्हणूनच ती तपासून घेतली पाहिजे. हायलंड पार्क येथील ज्या घरीं त्या बरींच वर्षें होत्या, तेथें स्वतःच्या स्नानगृहांतच त्यांनीं चित्रें धुण्याची काळोखी खोली केली होती. त्यांच्या हातच्या कांहीं प्रती उपलब्ध आहेत. त्यांत कित्येकदां चौरसाच्या कडा कातरून चित्र अधिक घट्ट केलेलें दिसतें. फ्रान्समधील आजोळच्या एका छायाचित्रकारास त्यांनीं आपलीं चित्रें छापण्याविषयीं पत्रही लिहिलें होतें. हें वेडानें संचय करणाऱ्या स्त्रीचें वागणें नव्हे. आपल्या कामाचें मोल जाणणाऱ्या आणि तें कसें दिसावें याविषयीं मत असलेल्या कारागिराचें आहे. पामेला बॅनोस यांनीं २०१७ मधील चरित्रांत ‘छायाचित्रें घेणारी दाई’ हें चित्र पुसून ‘दाईची नोकरी करणारी छायाचित्रकर्ती’ उभी केली, तें योग्यच झालें.

निगेटिव्ह ज्याच्या पेटींत, चित्राचा हक्कही त्याचाच, असें अमेरिकेचा कायदा मानीत नाहीं. म्हणून २०१४ मध्यें वारसाचा प्रश्न न्यायालयांत गेला, आणि २०१६ मध्यें मृताची मालमत्ता सांभाळणारे सरकारी व्यवस्थापक व मालूफ यांच्यांत तडजोड झाली. हक्काचा निकाल तडजोडीनें लागूं शकतो. त्या आरशाच्या चित्राच्या किती प्रती निघाव्या, कोणत्या आकाराच्या, हेंही ठरवितां येतें. परंतु बाईंनीं तें चित्र ठेवलें असतें कीं टाकलें असतें, हें विचारावयास कोणीच उरलेलें नाहीं. आम्ही तें ठेवलें असतें. आणि तें पाहतांना प्रत्येक वेळीं, न विचारतां दुसऱ्याची पेटी उघडल्यासारखा थोडा संकोचही वाटतो.