'भावगीत' या संज्ञेची अर्थांतरे : नाशिक जिल्ह्यातील काव्यपरंपरेच्या संदर्भात

'भावगीत' ही संज्ञा मराठीत इतकी रुळली आहे की तिची व्याख्या करण्याची निकड सहसा कोणास भासत नाही. काव्यसमीक्षेत ती 'लिरिक'चा पर्याय म्हणून येते. आकाशवाणीच्या परिभाषेत ती सुगम संगीतात मोडते. कॅसेटच्या दुकानांत नाट्यगीत, भक्तिगीत व चित्रपटगीत वेगळे काढल्यावर जे उरे ते भावगीताच्या कप्प्यात जाई. या तिन्ही अर्थांचा परस्परांशी पुरता मेळ बसत नाही. भाव तर प्रत्येक गीतात असतो. मग काही गीतांनाच भावगीत का म्हणावे, हा प्रश्न वरवर परिभाषेचा वाटतो. नाशिक जिल्ह्यातील कवींकडे पाहिले असता मात्र तो परिभाषेपुरता राहत नाही.

'लायर' या तंतुवाद्यावरून 'लिरिक' हे नाव आले. तरी केशवसुतांपासून मराठीत रुजलेली आत्मपर कविता प्रामुख्याने वाचण्याची होती. तिला पुन्हा कंठात आणण्याचे श्रेय १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या काव्यगायनाकडे जाते. या प्रथेची टवाळीही लगेच सुरू झाली. आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूची फुले' (१९२५) या विडंबनसंग्रहाचा मोठा रोख तत्कालीन कवींच्या लकबींवर व भावविवशतेवर होता. म्हणजे भावगीत गळेकाढू आहे हा आक्षेप अलीकडचा नाही. तो जवळजवळ या प्रकाराबरोबरच जन्मला.

खरे स्थित्यंतर घडविले ते ध्वनिमुद्रिकेने. १९३० च्या दशकाच्या आरंभी विदर्भातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गो. ना. जोशी यांनी गाऊन ध्वनिमुद्रित केली आणि मराठी भावगीताचा आरंभ सामान्यतः तेथून मानला जातो. कवीचा त्याच नावाचा संग्रह मात्र १९५४ मध्ये निघाला. कविता ग्रंथरूपाने वाचकाच्या हाती येण्यापूर्वी दोन दशके श्रोत्याच्या कानी पोहोचली होती. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन-साडेतीन मिनिटे मिळत. त्यामुळे ध्रुपद, दोन-तीन अंतरे, मधले वाद्यसंगीत आणि ध्रुपदाची पुनरुक्ती असा आकृतिबंध पक्का झाला. दीर्घ कवितेची कडवी गळली. विचाराचा विस्तार करणारी कविता या चौकटीत सहजी मावेना, एकाच मनःस्थितीची कविता मावू लागली. ध्वनिक्षेपकामुळे हळुवार, खालच्या पट्टीतला स्वर शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ लागला. गजानन वाटव्यांच्या मैफलींची लोकप्रियता या यंत्राशिवाय कल्पिता येत नाही. भावगीताचा 'भाव' तबकडी आणि मायक्रोफोन यांनीही घडविला, ही बाब समीक्षेने पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

नभोवाणीने त्यावर आणखी एक थर चढविला. १९५२ मध्ये केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांच्या धोरणामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि त्यांची जागा भरून काढण्यासाठी सुगम संगीताची निर्मिती हाती घेण्यात आली. 'सुगम' हे विशेषण शास्त्रीय संगीताच्या तुलनेत सुचलेले. त्यात भावाचा उल्लेखही नाही. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून प्रसारित झालेल्या गदिमा-सुधीर फडके यांच्या 'गीतरामायणा'तील ५६ गीते तर पात्रांच्या तोंडची आहेत. कवीचा आत्मस्वर ही लिरिकची कसोटी येथे लागू पडत नाही. तरीही मराठी भावसंगीताचे शिखर म्हणून याच गीतांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते, आणि त्यास कोणी हरकत घेत नाही.

दरम्यान मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) नंतर नवकाव्याचा प्रभाव वाढला आणि समीक्षेच्या भाषेत 'भावगीतात्म' हा शब्द हळूहळू उणेपणा सुचवू लागला. यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' ही संकल्पना मांडून कवितेशी असलेले नाते राखण्याचा यत्न केला. पुढे 'गारवा' (१९९८) आणि 'आयुष्यावर बोलू काही' (२००३ पासून) यांनी महाविद्यालयीन तरुणांना पुन्हा कवितेकडे वळविले, तेव्हा 'हे भावगीत नव्हे' अशी तक्रार ज्येष्ठ रसिकांकडून ऐकू आली. त्यांच्या लेखी भावगीत म्हणजे त्यांच्या तारुण्यातील गीत. पाश्चात्त्य संगीतात 'इमो' या संज्ञेचे असेच झाले. १९८० च्या दशकाच्या मध्यास वॉशिंग्टनमधील काही हार्डकोअर वाद्यवृंदांना ते नाव मिळाले, त्या वादकांनी ते नाकारले, आणि २००० नंतर ते नाव एका वेषभूषेचे व केशरचनेचे झाले. तेथेही खरा इमो कोणता, यावर पिढ्यांची भांडणे झाली. पिढीचा वाद मात्र तुलनेने निरुपद्रवी होय. अधिक गंभीर बाब ती की ज्यांच्या गीतांचा या वादात विचारच झाला नाही.

नाशिकचे स्वातंत्र्यशाहीर गोविंद (१८७४-१९२६) यांची मृत्यूला सामोरी जाणारी 'सुंदर मी होणार' ही कविता लिरिकच्या कोणत्याही कसोटीस उतरते. पण 'शाहीर' या बिरुदाने त्यांच्यातील भावकवी झाकला गेला आणि ते शब्द आज अनेकांना पु. ल. देशपांड्यांच्या नाटकाचे नाव म्हणूनच ठाऊक आहेत. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा' (१९४२) या एकाच संग्रहात 'क्रांतीचा जयजयकार' आणि 'पृथ्वीचे प्रेमगीत' या दोन्ही कविता आहेत. पहिली स्फूर्तिगीत व दुसरी भावकविता ठरते, जणू क्रोध हा भाव नव्हे.

सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेल्या वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्याबाबत ही विभागणी अधिक टोचते. आंबेडकरांविषयीची कृतज्ञता, त्यांच्या पश्चात आलेले पोरकेपण, अनुयायांच्या फाटाफुटीने झालेली निराशा हे त्यांच्या गीतांचे विषय. अनेक गीते थेट 'भीमा' अशी हाक घालून एकेरीत बोलतात. प्रिय व्यक्तीला उद्देशून केलेले हे आत्मगत बोलणे भावगीताच्या व्याख्येत सहज बसावे. तरीही भावगीताच्या इतिहासात वामनदादांचे नाव क्वचितच आढळते. ही गीते सामूहिक व प्रबोधनपर आहेत, असा प्रतिवाद होऊ शकतो. तो मान्य करावयाचा तर 'गीतरामायण'ही त्याच न्यायाने बाहेर ठेवावे लागेल.

अर्थात, वामनदादांना भावगीतकार म्हटल्याने सारे साधेल असेही नाही. 'भीमगीत' हे नाव गाणाऱ्या-ऐकणाऱ्या समाजाने आपुलकीने घेतलेले आहे. 'भावगीत' या नावाला तसा समाज कधीच लाभला नाही. वातानुकूलित सभागृहातील निवेदनाच्या साच्यात या गीतांची धार बोथट होण्याचे भयही आहे. प्रश्न नाव बदलण्याचा नसून इतिहासलेखनाचा आहे. तबकडी आणि पुढे कॅसेट ही साधने दोन्ही प्रकारांना उपलब्ध झाली. दोहोंकडे ध्रुपद-अंतऱ्याचा तोच आकृतिबंध राहिला. भावगीताची कॅसेट संगीताच्या दुकानातील काचेच्या कपाटात असे. भीमगीतांची कॅसेट ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमी परिसरात, पथारीवर, पुस्तके आणि मूर्तींच्या शेजारी विकली जाई, आणि रात्री परतीच्या प्रवासाला निघालेला माणूस ती गावी नेई.