किंग हेन्रीज रोडवरची पाटी

लंडनला पाहुणे आले की आमचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. राजवाडा, टॉवर, मादाम तुसाँ आणि परतताना वेम्बलीला डोसा. गेल्या उन्हाळ्यात माझा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमधला एक मित्र कामानिमित्त आला. यादी ऐकून घेऊन तो म्हणाला, "ते राहू दे. मला आधी बाबासाहेबांचं घर बघायचंय." वीस वर्षे या शहरात राहूनही मी तिथे गेलेलो नव्हतो. हे त्याला सांगताना जीभ जड झाली.

चॉक फार्म स्टेशनवरून थोडे चालले की १०, किंग हेन्रीज रोड लागतो. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले. इथे संग्रहालय करायला स्थानिक कौन्सिलने २०१८ मध्ये परवानगी नाकारली होती. अपिलानंतर २०२० मध्ये ती मिळाली. पण मी लिहायला बसलो आहे ते दर्शनी भिंतीवरच्या गोल, निळ्या पाटीबद्दल. तिच्यावर नाव आहे, जन्ममृत्यूची साले आहेत, 'इंडियन क्रुसेडर फॉर सोशल जस्टिस' अशी ओळख आहे आणि १९२१-२२ मध्ये ते इथे राहिले एवढी नोंद आहे.

बरोबर माझा मुलगा होता. इथल्या शाळेत तो क्रुसेड्स शिकलेला. त्याने विचारले, "बाबा, हे कुठल्या लढाईत होते?" मी हसलो, पण प्रश्न रास्त होता. धर्मयुद्धांच्या इतिहासातून आलेला हा शब्द, ज्यांनी १९५६ साली बुद्धाचा मार्ग स्वीकारला त्यांच्या नावाखाली जरा विचित्रच दिसतो. इंग्रजीत तो आता 'ध्येयासाठी झटणारा' अशा सैल अर्थाने वापरतात, हे मान्य. तरी माझी खरी तक्रार त्या शब्दाबद्दल नाही. पाटीवरची ओळख आणि पाटीवरची साले एकमेकांशी जुळत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

महाडचा सत्याग्रह १९२७ चा. 'मूकनायक' १९२० मध्ये सुरू झाले होते हे खरे. पण या घरात राहत होता तो तिशीतला, कर्ज काढून आलेला विद्यार्थी. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडावे लागलेले. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये, एवढ्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा आले. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला ग्रेज इनमधून बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहायला लावला. तोही लिहून १९२३ ला डी.एस्सी. त्या प्रबंधात केन्स यांनी उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय परिमाणावर त्यांनी टीका केली. सरकारला रुपयाचा पुरवठा मनाला येईल तसा वाढवता आला की महागाई होते आणि ती गरिबाला भोवते, हा त्यांचा मुद्दा.

चरित्रकार धनंजय कीर यांनी त्या दिवसांतली उपासमार वर्णिली आहे: सकाळी पावाचा तुकडा, रात्री बोव्हरील आणि पापड. इकडे हे, तर तिकडे परळच्या चाळीत रमाबाई अपुऱ्या पैशांत संसार रेटत होत्या. या शिक्षणाची अर्धी किंमत त्यांनी मोजली. लंडनच्या भिंतीवर त्यांचे नाव येणार नाही, हे समजू शकते. पण 'इथे राहिले' या दोन शब्दांत ते राहणे कसे होते याचा काहीच पत्ता लागत नाही.

पाटीवर जागा थोडी असते. आम्हा संगणकवाल्यांना मोजक्या अक्षरांत माहिती बसवायची सवय आहे, म्हणून सुचवतो: 'विद्यार्थी असताना' एवढेच वाढवा. मग सालांना अर्थ येईल.

ही सूचना खरे तर माझ्या मित्राची. बराच वेळ तो पाटीकडे बघत गप्प उभा होता. मग म्हणाला, "इथे ते शिकायला आले होते, हे लिहायला हवं होतं रे. आमच्या घरी तेच सांगायचे. दिवा विझला की आई म्हणायची, बाबासाहेब बघ कसे शिकले."

चार वर्षे आम्ही शेजारच्या खोल्यांत राहिलो. तो कोणत्या कोट्यातून आला याची चर्चा आम्ही त्याच्या माघारी केली. त्याच्या घरी रात्री दिवा असतो का, हे मी एकदाही विचारले नाही. मलाही पुढे डॉक्टरेट मिळाली. शिष्यवृत्ती होती, गरम खोली होती, आईवडील दर रविवारी फोन करत होते. तरी ती मी केवळ स्वतःच्या हुशारीने मिळवली, असेच इतकी वर्षे मानत आलो.

म्हणजे अपुरी ओळख एकट्या पाटीने करून दिलेली नाही. आमच्या घरात बाबासाहेब 'घटनाकार' या एका शब्दात आटोपत होते. मंडळाच्या कार्यक्रमात त्यांच्या तसबिरीला हार घालून आम्ही जेवणाच्या रांगेत उभे राहतो, आणि त्याच रांगेत नव्या माणसाला नावाआधी आडनाव विचारतो.

पाहुण्यांच्या यादीत आता किंग हेन्रीज रोड पहिला आहे. पाटीवर जे नाही, ते मी तिथे उभा राहून सांगतो.