'वेदना' या शब्दाचे शरीर : 'जिणं आमुचं'चे पुनर्वाचन

प्रस्तावना

माणसाने भोगलेली सर्वांत असह्य शारीरिक वेदना कोणती, हा प्रश्न वैद्यकाने विचारला आहे, मानसशास्त्राने विचारला आहे आणि साहित्यानेही आपल्या परीने विचारला आहे. उत्तरे वेगवेगळी मिळतात. कोणी प्रसूतीच्या कळांचे नाव घेतो, कोणी मुतखड्याचे, कोणी भाजल्याचे, तर कोकणातील माणूस विंचवाचे. मराठी समीक्षेला 'वेदना' हा शब्द अपरिचित नाही. दलित साहित्याच्या विवेचनात 'वेदना, विद्रोह आणि नकार' ही त्रयी इतकी रूढ झाली आहे की पदवीच्या वर्गातील विद्यार्थीही ती पाठ म्हणून दाखवतो. परंतु या त्रयीतील पहिल्या शब्दाचा अर्थ हळूहळू अमूर्त होत गेला. वेदना म्हणजे अपमानाची जाणीव, वेदना म्हणजे सामाजिक दुःख, असे समीकरण झाले आणि ज्या शरीराला ही वेदना होते ते शरीर विवेचनातून निसटले. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनाच्या आधारे या शब्दाचा मूळ, शारीर अर्थ पुन्हा प्रस्थापित करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

वेदनेचे मोजमाप आणि त्याच्या मर्यादा

वेदना मोजण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात गांभीर्याने झाले. १९४० च्या दशकात अमेरिकेतील हार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेवर नियंत्रित उष्णता टाकून वेदनेचे 'डोल' नावाचे एकक तयार केले. हार्डी आणि जॅव्हर्ट यांनी तर प्रसूत होत असलेल्या स्त्रियांच्या हाताला, दोन कळांच्या मधल्या विरामात, चटका देऊन त्याची तुलना कळेशी करण्यास सांगितले. वेदना मोजण्यासाठी आणखी वेदना द्यावी लागली, ही बाब बोलकी आहे. पुढे १९७५ मध्ये कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी वेगळी वाट चोखाळली. यंत्राऐवजी त्यांनी शब्दांचा आधार घेतला. रुग्ण आपल्या दुखण्यासाठी जी विशेषणे वापरतात त्यांचे गट पाडून त्यांनी प्रश्नावली तयार केली. या पद्धतीच्या मोजणीत मज्जातंतूंच्या इजेतून होणारा दाह आणि पहिलटकरणीच्या कळा फार वरच्या स्थानी आढळल्या.

या दोन्ही प्रयत्नांतून एक गोष्ट स्पष्ट होते. वेदनेचा साक्षीदार एकच असतो आणि तो म्हणजे ती भोगणारा. त्याच्या शब्दाखेरीज दुसरे प्रमाण उपलब्ध नाही. म्हणून वेदनेचा प्रश्न अखेरीस भाषेचा प्रश्न ठरतो आणि साहित्याच्या अभ्यासकाला तो टाळता येत नाही.

मराठीतील वेदनेची शब्दसंपत्ती

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ मध्ये आजारपणावर लिहिलेल्या निबंधात इंग्रजी भाषेच्या दारिद्र्याची तक्रार केली आहे. हॅम्लेटच्या चिंतनाला शब्द देणारी भाषा डोकेदुखीपुढे मुकी होते, असा त्यांचा आशय आहे. एलेन स्कॅरी यांनी १९८५ मधील 'द बॉडी इन पेन' या ग्रंथात हा विचार पुढे नेला. तीव्र वेदना भाषेला विरोध करते, एवढेच नव्हे तर ती भाषेचा विध्वंस करते आणि माणसाला आक्रोशापर्यंत मागे नेते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मराठीच्या संदर्भात हे प्रतिपादन जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. मराठीत डोके ठणकते वा भणभणते, दाढ ठसठसते, गळू ठुसठुसते, पोटात मुरडा येतो, पाठीत उसण भरते, छातीत चमक निघते, पोटरीत गोळा येतो, डोळे चुरचुरतात, जखम चरचरते. या क्रियापदांत वेदनेची लय, तिचा वेग आणि तिची खोली नादातूनच व्यक्त होते. 'ठणक' ठोक्याठोक्याने येते, 'चमक' क्षणात येऊन जाते, 'कळ' आतून वर चढत जाते. प्रसूतीच्या दुखण्याला तर 'वेणा' हा स्वतंत्र शब्द आहे. मेलझॅक यांनी जी वर्गवारी प्रश्नावलीतून सिद्ध केली, ती मराठी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी आधीच होती. तेव्हा उणीव शब्दांची नाही. हे शब्द घरात, शेतात, बाळंतिणीच्या खोलीत वापरले गेले आणि लिखित साहित्याने दीर्घकाळ त्यांच्याकडे रूपकाचे साधन म्हणूनच पाहिले.

एकनाथांचे विंचवावरील भारूड याचे ठळक उदाहरण होय. विंचवाच्या नांगीची आग महाराष्ट्रातील प्रत्येक श्रोत्याच्या अनुभवाची. परंतु भारुडातील विंचू कामक्रोधाचा आहे आणि त्यावरील उतारा सत्त्वगुणाचा. रूपक म्हणून ते अप्रतिम आहे. तथापि खऱ्या विंचवाचा दंश झालेल्या माणसाला मराठी मुलखात उतारा मिळण्यास विसाव्या शतकाची अखेरची दशके उजाडावी लागली. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला आणि या दंशाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. त्यांच्या संशोधनाचा आरंभ दंश झालेल्या रुग्णांजवळ बसून बारकाईने केलेल्या निरीक्षणातून झाला. वेदना रूपकातून बाहेर काढून शरीरात पाहिली की तिच्यावर उपाय शोधता येतो, हे यातून दिसते.

'जिणं आमुचं'मधील शरीर

बेबी कांबळे (१९२९–२०१२) यांचे 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये माया पंडित यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रकाशित झाला. वीरगाव आणि फलटण परिसरातील महार समाजाचे जीवन हा या आत्मकथनाचा विषय. समीक्षेने त्याची दखल प्रामुख्याने आंबेडकरी चळवळीचा दस्तऐवज आणि दलित स्त्रीचा दुहेरी शोषणाचा आलेख म्हणून घेतली. ही दखल योग्यच आहे. मात्र पुस्तकाचा गाभा ज्या पानांत आहे ती पाने शरीराची आहेत.

पहिलटकरणीच्या बाळंतपणाचे वर्णन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अडलेल्या कोवळ्या वयाच्या मुलीभोवती बाया जमतात. मूल कुठवर आले हे पाहण्यासाठी एकामागून एक हात घालतात. नखांनी जखमा होतात, त्या चिघळतात, ताप चढतो. प्रसूतीनंतर अंगावर धड चिंधी नसते आणि पोटात अन्न नसते. अनेकींचा यात अंत होतो. या वर्णनात वेदनेचे एकही मोठे विशेषण लेखिका वापरत नाही. ती क्रम सांगते : कळा, हात, जखम, भूक, पू, ताप, मृत्यू. निसर्गाने दिलेली वेदना किती आणि अज्ञानाने, दारिद्र्याने व अस्पृश्यतेने तीत घातलेली भर किती, हे या क्रमातून वाचकाला वेगळे करून पाहता येते. गावच्या वेशीबाहेरील वस्तीत वैद्य पोहोचत नाही, म्हणून हात घालणाऱ्या बायांनाही दुसरा मार्ग ठाऊक नाही. त्या क्रूर नाहीत, त्या असहाय आहेत. लेखिकेने हे भान कोठेही सुटू दिलेले नाही.

या चित्राशेजारी काही तारखा ठेवून पाहाव्यात. एडिंबरोचे जेम्स सिम्पसन यांनी प्रसूतीत क्लोरोफॉर्मचा वापर १८४७ मध्ये केला. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने तो स्वीकारल्यावर त्याला प्रतिष्ठा मिळाली. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत प्रसूतिशास्त्रावरच प्रबंध लिहून वैद्यकाची पदवी मिळवली. बेबी कांबळे ज्या बाळंतपणांविषयी लिहितात ती याच्या कितीतरी नंतरची, विसाव्या शतकातील आहेत. वेदनाशमनाचे ज्ञान जगात होते, त्याच राणीच्या वंशजांचे राज्य येथे होते, तरी ते ज्ञान महारवाड्यापर्यंत आले नाही. म्हणून एकच कळ दोन शरीरांत सारखी नसते. तिची तीव्रता केवळ मज्जातंतूंवर ठरत नाही, तर ती भोगणारे शरीर कोणत्या वस्तीत आहे यावरही ठरते.

दुसरा प्रसंग सासुरवाशिणीच्या शिक्षेचा. छळाला कंटाळून माहेरी पळालेल्या सुनेला परत आणून तिच्या पायात लाकडी खोडा अडकवला जाई. त्या ओझ्याने पाय सोलून निघत आणि त्याच पायाने घरचे सारे काम करावे लागे. काही सुनांची नाके कापली जात. येथे वेदना ही शिस्तीचे साधन बनते. स्कॅरी यांनी छळाच्या राजकारणाची जी मीमांसा केली ती राज्यसत्ता आणि तिच्या तुरुंगांविषयी आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) मधील पोलिसी मारहाण त्या मीमांसेच्या चौकटीत नीट बसते. 'जिणं आमुचं'मधील खोडा मात्र घरातला आहे. ज्यांना गावाने तुडवले त्यांनी घरातील सर्वांत दुर्बल शरीर शोधले, हे लेखिका लपवत नाही. आपल्याच समाजाविषयी असे लिहिण्यास लागणारे धैर्य हीच या पुस्तकातील नकाराची खरी जागा होय.

लेखिकेचे अनुपस्थित शरीर

या आत्मकथनाचे एक वैशिष्ट्य त्याच्या शीर्षकातच आहे. ते 'माझे' जिणे नसून 'आमुचं' आहे. वेदना सर्वाधिक एकाकी अनुभव मानली जाते. येथे ती बहुवचनात सांगितली जाते. या बहुवचनाने मोठे कार्य केले आहे. ज्या बाळंतिणी बोलण्यापूर्वीच मरण पावल्या त्यांच्या वतीने साक्ष देणे त्यामुळेच शक्य झाले. ज्याचे दुखणे त्यालाच ठाऊक, या समजुतीला येथे साक्षीभावाचे उत्तर मिळते.

तथापि या बहुवचनाची एक किंमतही आहे. इंग्रजी अनुवादासोबतच्या मुलाखतीत बेबी कांबळे यांनी पतीकडून स्वतः सोसलेल्या मारहाणीविषयी आणि त्याच्यापासून लपवून केलेल्या लेखनाविषयी सांगितले आहे. मूळ आत्मकथनात तो मार नाही. आपले भोग साऱ्या बायांचेच आहेत, मग वेगळे काय सांगावे, अशी त्यामागील धारणा दिसते. समाजाच्या शरीराची साक्ष देताना स्वतःचे शरीर मागे ठेवण्याचा हा निर्णय थोर मानावा की स्त्रीवर लादलेल्या मौनाचा तो शेवटचा अवशेष मानावा, याचे एकच उत्तर देता येणार नाही. परंतु समीक्षेने ही रिकामी जागा पाहिली पाहिजे. असह्य वेदनेचे सर्वांत विश्वसनीय लक्षण कधीकधी न लिहिलेल्या पानात असते.

भंडारा जिल्ह्याचा संदर्भ

हा विचार केवळ एका पुस्तकापुरता किंवा सरलेल्या काळापुरता नाही. तुमसर तालुक्यातील सिहोरा परिसर धानाचा. रोवणीच्या दिवसांत बाया दिवसभर चिखलपाण्यात वाकून उभ्या असतात. कंबर धरते, पाठ भरून येते, आणि हे दुखणे कामाचाच भाग समजले जाते. याच पूर्व विदर्भात, विशेषतः पूर्वाश्रमीच्या महार आणि आदिवासी समाजांत, सिकलसेल हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि हाडांत, पाठीत, छातीत असह्य कळा सुरू होतात. त्या काही तास, कधी काही दिवस टिकतात. गारठा, अतिश्रम, शरीरातील पाण्याची कमतरता ही त्यांची निमित्ते असतात. वैद्यकाला ज्ञात असलेल्या तीव्र वेदनांत तिची गणना होते. तरीही बाहेरून जखम दिसत नसल्याने रुग्णाच्या बोलण्यावर विश्वास ठेवला जाईलच असे नाही. कामचुकार, ढोंगी ही विशेषणे त्याच्या वाट्याला येऊ शकतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. २०२३ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले. १९८५ च्या कायद्यामुळे दुर्मीळ झालेले मॉर्फिन २०१४ च्या दुरुस्तीने काहीसे सुलभ झाले. तरी औषधापूर्वी एक पायरी असते, आणि ती म्हणजे दुखते म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवण्याची. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपल्या व्याख्येची फेरमांडणी करताना व्यक्तीने सांगितलेल्या वेदनेचा आदर करावा, असे आवर्जून नोंदवले. 'जिणं आमुचं' वाचकाकडे हीच अपेक्षा करते.

निष्कर्ष

१. 'वेदना' हा शब्द 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. पाली बौद्ध परंपरेत तो सुख, दुःख आणि या दोहोंपलीकडची अशा सर्व संवेदनांसाठी येतो. दलित साहित्याच्या त्रयीतील 'वेदना' या शब्दाचा अर्थ लावताना शरीराची ही जाण वगळता येणार नाही.

२. तीव्र वेदना भाषेचा नाश करते हे विधान मराठीच्या शब्दसंपत्तीपुढे आणि 'जिणं आमुचं'च्या साक्षीपुढे अपुरे ठरते. शब्द होते, ऐकणारे नव्हते.

३. बेबी कांबळे यांनी वेदनेचे वर्णन विशेषणांतून न करता कारणांच्या क्रमातून केले. त्यामुळे अटळ वेदना आणि टाळता येण्याजोगी वेदना यांतील भेद स्पष्ट होतो. विद्रोहाचा आरंभ या भेदातून होतो.

४. सर्वांत असह्य वेदना कोणती, या प्रश्नाचे उत्तर तीव्रतेच्या तक्त्यात सापडत नाही. जिच्यावर उपाय जगात उपलब्ध असूनही ती भोगणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही आणि जी सांगितली तरी खरी मानली जात नाही, ती वेदना त्या स्थानाला सर्वांत जवळची होय.