उंबऱ्याच्या आतले दुःख

दलित आत्मकथनांविषयी आपण पुष्कळ लिहिले. गावकी, पाणवठा, भूक यांची चर्चा झाली. उंबऱ्याच्या आत काय चालले होते, हा प्रश्न मात्र चळवळीच्या नावाखाली लांबणीवर पडला. उर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनाने तो प्रश्न आपल्यापुढे आणून ठेवला आहे.

ही कथा कोकणातल्या फणसवळे गावी सुरू होते. नवरा गेल्यावर आई बांबूची आयदाने विणून मुले वाढवते. पुढे लेखिका प्रेमविवाह करते, मुंबईत नोकरी करते, लिहू लागते. बायकोने एम. ए. करावे हे नवऱ्याला रुचत नाही. आधी घर, मग बाकीचे. तरुण मुलाचा मृत्यू याच संसारावर कोसळतो. हे सारे लेखिका आवाज न चढवता सांगते. नवऱ्याला ती खलनायक करीत नाही. तोही आपल्यातूनच शिकून वर आलेला माणूस आहे. म्हणूनच हे सत्य अधिक बोचते. त्याच्या मनाचा शोध अपुरा राहिला, ही उणीव मात्र मला जाणवते.

असे लिहिणे म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत देणे, असे काहींना वाटते. मला ते मान्य नाही. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले, आणि स्वतःच्या संसारातील मारहाण पुस्तकात फारशी येऊ दिली नाही. ती त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितली. त्या मौनाची किंमत कोणी मोजली?

बायको नवऱ्याची मैत्रीण असावी, बरोबरीची असावी, दासी नसावी, असे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. ही कसोटी आपण व्यासपीठावर सांगतो आणि घरी आल्यावर चपलांबरोबर बाहेर ठेवतो.

आमच्या घरात पहिली पदवी माझ्या नावे आली. मी अभ्यास करीत असताना पाणी कोणी भरले, कोणाची शाळा सुटली, याची नोंद मी कुठेच केलेली नाही. 'आयदान' वर्गात शिकवताना विद्यार्थिनी माझ्याकडे पाहतात, तेव्हा ती नोंद मागितली जात आहे असे वाटते. ती आपण पुरुषांनीही आता लिहिली पाहिजे.