मधमाशी पाहून चाकू घेऊ नये

आज बोलायचं ठरलंय ते एका चाकूवर. जालन्याच्या एमआयडीसीत, जिथं भट्टीत भंगार वितळून सळई तयार होते, तिथं तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं चाकूवर बोलावं हे जरा धाडसच. लोखंड तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. पण आपला प्रश्न 'अस्सल' या शब्दाचा आहे.

घडलं असं. आमचा एक जुना विद्यार्थी, वडील इथल्याच एका रोलिंग मिलमध्ये, नोकरीनिमित्त पॅरिसला गेला. पहिल्या पगारातून त्यानं वडिलांसाठी घडीचा चाकू आणला. पात्यावर 'लायोल' हे नाव, पाठीवर छोटी मधमाशी. दुकानदार म्हणाला, मधमाशी आहे म्हणजे अस्सल. इथं आल्यावर कुणीतरी त्याला नकली ठरवलं. पोरगा आमच्याकडे आला. 'सर, मी बाबांना खोटी वस्तू दिली का?' या प्रश्नापायी हे व्याख्यान.

आधी मधमाशीचं पाहू. लायोल हे दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों भागातलं गाव. तिथला चाकू साधारण १८२९ पासूनचा. घडण स्पॅनिश नवाखा चाकूच्या वळणाची. गुराखी तो वापरत. पुढं त्याला टोच्या जोडला गेला, पोट फुगलेल्या गुराच्या पोटातली हवा काढायला. मग बाटलीचं बूच काढायचा स्क्रू आला. मधमाशी आली त्यानंतर, विसाव्या शतकात. नेपोलियननं ती बहाल केली ही नुसती दंतकथा. म्हणजे ज्या खुणेला आपण परंपरेचा शिक्का समजतो, ती त्या परंपरेतली सगळ्यात उशिरा आलेली गोष्ट. शिवाय ती कुणीही लावू शकतो.

बरं, गावाचं नाव? तेही तसंच. गावातलं काम ओसरलं आणि चाकू मुख्यतः तिएर या दुसऱ्या शहरात बनू लागले. १९८७ मध्ये गावात पुन्हा कारखाना उभा राहिला. पण १९९३ मध्ये गावाबाहेरच्या एका उद्योजकानं 'लायोल' हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. चिडलेल्या गावकऱ्यांनी २०१२ मध्ये वेशीवरची स्वतःच्या गावाची पाटी उतरवली! गंमत बघा, त्याच गावाच्या चीजला १९६१ पासून कायद्याचं संरक्षण होतं, चाकूला नव्हतं. फ्रान्समध्ये कारागिरीच्या वस्तूंना भौगोलिक मानांकनाचं दार २०१४ च्या कायद्यानं उघडलं. आपल्या १९९९ च्या कायद्यात शेतमाल आणि कारागिरी दोन्ही पहिल्यापासून आहेत. म्हणून जालन्याची मोसंबीही त्यात आहे आणि कोल्हापुरी चप्पलही. पण कोल्हापुरीचं मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांना आहे. परंपरा एका वेशीत मावत नाही. तिएरचा कारागीर पिढ्यान्‌पिढ्या लायोल घडवत असेल, तर त्याला नकली म्हणायचं कोणत्या तोंडानं?

मग पोलाद पाहायचं? इथंही पंचाईत. लायोल गावातल्या चांगल्या कारखान्यांच्या पात्यांतही स्वीडिश पोलाद सापडतं. धातू बाहेरचा, हात तिथला.

फ्रेंचांत 'जानोचा चाकू' अशी म्हण आहे. जानोनं आधी पातं बदललं, मग मूठ बदलली, तरी म्हणतो चाकू तोच. नागसेनानं मिलिंद राजाला रथाबद्दल विचारलं तेही हेच: चाक रथ का? आस रथ का? सुट्या भागांत रथ सापडत नाही. तसं अस्सलपणही पात्यात, मुठीत, मधमाशीत सापडणार नाही. आमच्या मते ते जबाबदारीत असतं. ही वस्तू मी केली, बिघडली तर माझ्याकडे आणा, असं म्हणणारा कुणी मागं उभा आहे का? तुमच्या सळईवर कंपनीचं नाव उमटवलेलं असतं, पण जाणता माणूस तेवढ्यावर थांबत नाही. हीट नंबर विचारतो, टेस्ट सर्टिफिकेट मागतो. चाकूलाही तोच न्याय लावा.

म्हणून घ्यायचाच असेल तर असं करा. कार्यशाळेचं नाव विचारा. नुसतं 'लायोल' हे उत्तर नव्हे. पोलाद कोणतं ते विचारा. चाकू उघडून पातं हलवून पाहा, खिळखिळं नको. मिटल्यावर ते दोन्ही बाजूंच्या बरोबर मध्ये बसायला हवं. मिटताना फटकन सोडू नका, धार आतल्या स्प्रिंगवर आपटते. दुरुस्तीला परत घेणार का, हे शेवटी विचारा. एवढी कटकट नको असेल तर ओपिनेल घ्या. १८९० पासूनचा साव्हुआतला साधा चाकू, बीचच्या लाकडाची मूठ, १९५५ पासून पातं अडकवणारी फिरती कडी. नाव एकाच घराचं, त्यामुळं वाद नाही. मिरवायला मात्र कमी, हेही खरं.

आता त्या पोराचं उत्तर. चाकू आम्ही पाहिला. मधमाशी वरून डकवलेली, पोलादाचा पत्ता नाही, करणाऱ्याचं नाव नाही. याला अस्सल म्हणता येणार नाही, आणि त्याचं मन राखायला आम्ही तसं म्हणालोही नाही. पण खोटं बोलला तो दुकानदार. भेटीमागं देणारा स्वतः उभा होता, म्हणून भेट खोटी नव्हे. वडिलांनी तर पहिल्याच दिवशी पात्यावरून अंगठा फिरवून सांगितलं होतं, 'पोलाद मऊ आहे, धार टिकणार नाही.' आणि त्याच चाकूनं मोसंबी कापली. आता दर आठवड्याला धार लावतात. जबाबदारी अशीही घेता येते.